गुरुजींचा मोबाइल आणि आपली मुले

आपल्या वस्त्यांमधून एक तक्रार वारंवार कानावर येते. "गुरुजी दिवसभर मोबाइलवर असतात, मग शिकवतात कधी?" विड्या वळता वळता माउल्या हे बोलतात. यंत्रमागाच्या पाळीवरून सुटलेले बाप चहाच्या टपरीवर हेच बोलतात. आम्ही सामाजिक कामाच्या निमित्ताने दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि प्रवेश यांसाठी शाळांच्या पायऱ्या चढत असतो. तेथे आम्हालाही हे दृश्य दिसते. म्हणून या वेळी या तक्रारीचा नीट विचार करावयाचे आम्ही ठरविले आहे. कारण त्या मोबाइलमध्ये दोन गोष्टी असू शकतात. एक, नुसता वेळेचा नाश. दुसरी, आपल्या मुलांचे भाग्य बदलू शकेल असे शिक्षण. यांतील कोणती गोष्ट आपल्या शाळेत चालली आहे, हे पालकांना ओळखता आले पाहिजे.

शिक्षक एकटा पडतो तेव्हा

शिक्षक हा शिकवणारा असतो असे आपण मानतो. वास्तविक शिक्षकालाही शिकावे लागते आणि ते आयुष्यभर शिकावे लागते. सावित्रीबाई फुले यांनी मुलींच्या शाळेत उभे राहण्यासाठी स्वतः अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते, हे आपण विसरता कामा नये. डी.एड.ची पदविका एकदा भिंतीवर टांगली की शिक्षकाचे शिक्षण संपले, असे समजणे म्हणजे डॉक्टरने चाळीस वर्षांपूर्वीच्या औषधांवर दवाखाना चालविण्यासारखे आहे.

परंतु खेड्यातील शिक्षकाची अडचणही समजून घेतली पाहिजे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. करमाळ्याच्या टोकाची वाडी आणि अक्कलकोटच्या सीमेवरचे गाव यांत दिवसभराचे अंतर. वाडीवरच्या शाळेत दोनच शिक्षक आणि वर्ग चार. एक शिक्षक रजेवर गेला की दुसरा चारही वर्ग सांभाळतो. एखाद्या मुलाला हातच्याची वजाबाकी काही केल्या समजत नाही, तेव्हा या शिक्षकाने विचारायचे कोणाला? शहरातल्या मोठ्या शाळेत शिक्षकखोली असते, मधल्या सुट्टीत चार अनुभवी माणसे भेटतात. वाडीवरच्या गुरुजीच्या वाट्याला चिंचेचे झाड आणि फळा.

शासनाने यासाठी काही सोयी केलेल्या आहेत. आसपासच्या शाळा मिळून एक केंद्र होते, त्यावर केंद्रप्रमुख असतो आणि केंद्रातील शिक्षक शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतात. जिल्ह्यासाठी वेळापूरला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. 'जीवन शिक्षण', 'शिक्षण संक्रमण' यांसारखी शिक्षकांसाठीची मासिके आहेत. या सोयी चांगल्या आहेत, तथापि त्या सावकाश चालतात. वरून निघालेले प्रशिक्षण जिल्ह्याला येते, तेथून तालुक्याला, तालुक्याहून केंद्राला. चौथ्या हाताशी पोचेपर्यंत त्या दुधात किती पाणी पडलेले असते, हे प्रशिक्षण घेऊन आलेले शिक्षकच सांगतात. आणि मासिक येईपर्यंत तो वजाबाकी न समजलेला मुलगा पुढच्या वर्गात गेलेला असतो.

एकमेकांकडून शिकण्याची वाट

मग महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी आपली वाट आपणच काढली. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे उदाहरण पाहा. तेथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने साध्या जिल्हा परिषद शाळांनी मुलांना घोकंपट्टीऐवजी हाताने, वस्तूंनी, खेळातून शिकविण्याची पद्धत बसविली. फरशीवर आखलेल्या आकृत्या, काड्यांचे गठ्ठे, मण्यांच्या माळा, अक्षरांच्या चिठ्ठ्या, सगळे स्वस्तातले साहित्य. ही वार्ता पसरली आणि राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षक ते पाहायला जाऊ लागले. २२ जून २०१५ रोजी शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम काढला, तेव्हा शिक्षकाने शिक्षकाकडून शिकावे या विचाराला अधिकच जोर आला.

प्रत्येकाला गाडीभाडे खर्चून साताऱ्याला जाणे शक्य नव्हते. येथे मोबाइल उपयोगी पडला. शाळा पाहून आलेला शिक्षक फोटो काढी, आपल्या तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकी, आणि रात्री जेवणानंतर त्यावर चर्चा चाले. २०१६ साली अशा एका गटात २५६ माणसे मावत. गट भरला की दुसरा, मग तिसरा. २०२२ पासून ही मर्यादा १०२४ झाली आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील प्राथमिक शिक्षक भाऊसाहेब चासकर यांच्यासारख्यांनी 'अ‍ॅक्टिव्ह टीचर्स फोरम' या नावाने धडपड्या शिक्षकांना एकत्र आणले. अशा मंचांवर बदल्या आणि वेतनश्रेणी यांखेरीज मुलांच्या शिकण्याविषयीही बोलणे होते, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते.

अशा गटात नेमके काय घडते? समजा, सांगोल्याच्या एका बाईंनी रात्री विचारले, "तिसरीतला एक मुलगा 'ब' आणि 'व' यांत रोज गोंधळतो, काय करू?" थोड्या वेळात गडचिरोलीचे कोणी सांगते की वाळूत बोटाने गिरवून घ्या. नंदुरबारचे कोणी सांगते की मुलाच्या घरची बोली कोणती ते आधी पाहा, त्या बोलीत हे दोन उच्चार वेगळे आहेत का ते तपासा. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात ते करून पाहतात आणि संध्याकाळी काय झाले ते कळवितात. यात कोणी साहेब नाही, भत्ता नाही, प्रमाणपत्र नाही. एका वर्गात सुचलेला उपाय शंभर वर्गांत पोचतो. समाजमाध्यमांचा याहून चांगला उपयोग आम्हाला दिसत नाही.

परितेवाडीने जगाला काय दाखविले

या वाटेवर सर्वांत लांबचा पल्ला गाठला तो आपल्याच जिल्ह्याने. माढा तालुक्यातील परितेवाडी ही लहानशी वस्ती. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक रुजू झाले. जागतिक शिक्षक पुरस्कार देणाऱ्या संस्थेने जे प्रसिद्ध केले त्यानुसार, शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती, तिच्या एका बाजूला गुरांचा गोठा तर दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली होती. मुलींची हजेरी अत्यल्प होती आणि बालविवाह सर्रास होत. पुस्तके मुलींच्या घरच्या भाषेत नव्हती, घरात कन्नड बोलली जाई. गुरुजींनी ती भाषा शिकून घेतली आणि पाठ्यपुस्तके मुलांना समजतील अशी नव्याने मांडली.

पुस्तकातल्या प्रत्येक पाठाला त्यांनी क्यूआर कोड जोडला. क्यूआर कोड म्हणजे तो ठिपक्यांचा चौकोनी छाप, जो हल्ली भाजीवाल्याच्या गाड्यावरही पैसे देण्यासाठी चिकटवलेला असतो. मोबाइल त्यासमोर धरला की त्या पाठाची कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते, गोष्ट सुरू होते. परितेवाडीत सुरू झालेली ही युक्ती पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०१८ साली केंद्र सरकारने एनसीईआरटीच्या पुस्तकांतही असे कोड देण्याचे जाहीर केले. आज आपल्या मुलाचे बालभारतीचे पुस्तक उघडून पाहा, तेथे तो चौकोन दिसेल. तो केंद्र सरकारच्या 'दीक्षा' या मंचाकडे नेतो. दीक्षा ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी सुरू झाली.

परंतु आमच्या मते डिसले गुरुजींचे खरे वैशिष्ट्य कोडमध्ये नाही, जोडण्यात आहे. शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय मंचांवर त्यांनी ओळखी केल्या आणि संगणकावरून समोरासमोर बोलण्याची जी स्काइप नावाची सोय होती, तिच्यामार्फत परदेशातील वर्गांना आपल्या घरच्या प्रयोगशाळेतून विज्ञानाचे प्रयोग दाखविले. पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या माहितीप्रमाणे हे प्रयोग ८० हून अधिक देशांतील वर्गांनी पाहिले. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन, इराक-इराण अशा एकमेकांवर रोष असलेल्या देशांतील मुलांना त्यांनी एकमेकांशी बोलायला लावले. आठ देशांतील सुमारे १९,००० विद्यार्थी या उपक्रमात आले. स्काइप ही सोय मे २०२५ मध्ये कंपनीने बंद केली. साधन गेले, परंतु शिक्षक शिक्षकाशी जोडला गेला की वर्गाच्या भिंती हटतात हा धडा राहिला.

३ डिसेंबर २०२० रोजी लंडनहून ऑनलाइन सोहळ्यात वार्की फाउंडेशन आणि युनेस्को यांच्या वतीने त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्या वेळच्या हिशेबाने ही रक्कम सात कोटी रुपयांच्या वर होते. १४० हून अधिक देशांतून १२,००० पेक्षा जास्त नामांकने आली होती. एवढी रक्कम हाती आल्यावर या गुरुजींनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून देण्याचे तेथल्या तेथे जाहीर केले. या पुरस्काराच्या इतिहासात असे पूर्वी कोणी केले नव्हते.

ते नऊ जण कोण होते हेही आपण जाणून घेतले पाहिजे, कारण त्यांतील कित्येकांची मुले आपल्या मुलांसारखी आहेत. व्हिएतनामच्या हा आन्ह फुआँग या स्वतः मुआँग या अल्पसंख्य जमातीच्या. डोंगरी भागातल्या आपल्या वर्गाला त्यांनी इंटरनेटवरून परदेशातील वर्गांशी जोडले आणि मुलांना इंग्रजी बोलते केले. मलेशियाचे सॅम्युएल इसाया हे ओरांग अस्ली या आदिवासींच्या मुलांना शिकवीत, ज्या मुलांकडून कोणाचीच काही अपेक्षा नव्हती. ब्राझीलच्या दोआनी बर्तान यांनी कर्णबधिर मुलांसाठी खाणाखुणांच्या भाषेत चित्रफिती तयार करून सर्वांसाठी खुल्या केल्या. इंग्लंडच्या जेमी फ्रॉस्ट यांनी गणिताचे धडे आणि सराव इंटरनेटवर फुकट ठेवले. या सर्वांत एक समान धागा आहे. यांनी आपले ज्ञान कुलूपबंद ठेवले नाही. ज्या समाजाला शेकडो वर्षे ज्ञानाच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्या आपल्या समाजाला या गोष्टीचे मोल कोणी शिकवावे लागत नाही.

एक गोष्ट येथे झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पुढे डिसले यांच्या प्रतिनियुक्तीच्या काळातील कामावरून जिल्हा परिषदेत चौकशी झाली, परदेशी शिष्यवृत्तीच्या रजेवरून वाद झाला आणि जुलै २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा पुढे केला. वृत्तपत्रांतून हा वाद गाजला. त्यात कोण बरोबर हे ठरविणे आमचे काम नाही. परंतु त्यातून उभा राहिलेला प्रश्न प्रत्येक पालकाचा आहे. जगाशी जोडला गेलेला शिक्षक आपल्या वर्गात किती वेळ असावा? आणि उलट बाजूने, जगाला काही देऊ शकणाऱ्या शिक्षकाला आपल्या कचेऱ्यांनी सुट्टीच्या अर्जात किती अडकवावे? दोन्ही प्रश्न सारखेच खरे आहेत.

निलमनगरच्या भिंती

आता त्याच वर्षातील दुसरे उदाहरण घेऊ, तेही सोलापूरचेच. २०२० साली करोनामुळे शाळांना कुलूप लागले. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" अशी घोषणा झाली आणि अभ्यास मोबाइलवर येऊ लागला. ज्या घरात बाप, आई आणि दोन-तीन लेकरे मिळून एकच साधा मोबाइल, तोही बापासोबत कामावर जाणारा, त्या घरातल्या मुलांनी काय करायचे? ज्यांच्या घरी हातावरचे पोट, त्यांनी रिचार्ज आधी मारायचा की पीठ आधी आणायचे? हा प्रश्न आपल्यापैकी शेकडो घरांनी भोगला आहे, तो वेगळा सांगायला नको.

निलमनगर हा कामगारांचा भाग. तेथील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी पाहिले की आपल्या मुलांचे आईबाप कापड कारखान्यांत राबणारे, त्यांच्यापाशी स्मार्टफोन नाहीत. मग त्यांनी धडेच रस्त्यावर आणले. वस्तीतील सुमारे तीनशे घरांच्या बाहेरील भिंतींवर पाठ्यपुस्तकातील भाग रंगवून घेतला. कोठे अक्षरे, कोठे पाढे, कोठे व्याकरण, कोठे सूत्रे. मुले तोंडाला मास्क लावून, अंतर राखून आपल्या वेळेला भिंतीपुढे येत आणि वाचत. दुकानाला निघालेली पोर जाता येता एक सूत्र वाचून जाई. वृत्तपत्रांनी या भिंतींची दखल घेतली आणि ते फोटो समाजमाध्यमांतून देशभर फिरले.

परितेवाडी आणि निलमनगर ही दोन नावे आपण शेजारी शेजारी ठेवली पाहिजेत. एका ठिकाणी मोबाइलने काम केले, दुसऱ्या ठिकाणी रंग आणि कुंचल्याने. दोन्ही ठिकाणी गुरुजींनी आधी मुलाच्या घरात डोकावून पाहिले, तेथे काय आहे आणि काय नाही ते तपासले, आणि मग साधन निवडले. साधन आधी आणि मूल नंतर असा उलटा क्रम लावला की गरिबाचे मूल मागे पडते. गटावर गुरुजींनी पन्नास चित्रफिती पाहिल्या आणि वर्गात त्यांतील एकही उतरली नाही, तर ते शिक्षण मोबाइलमध्येच राहिले.

नाण्याची दुसरी बाजू

आता शिक्षकांच्या बाजूने दोन शब्द. आम्ही स्वतः कारकुनी करतो. "सदर माहिती आजच्या आज पाठवावी" हे वाक्य काय असते ते आम्ही जाणतो. शाळेतील गुरुजींच्या मोबाइलवर दिवसभर हेच वाक्य आदळत असते. यू-डायसची माहिती, पोषण आहारात आज किती मुले जेवली त्याचा आकडा, आधारची जुळणी, अमुक दिनाचे फोटो, तमुक लिंक भरल्याचा पुरावा. पूर्वी हा कागद टपालाने यायचा आणि दोन दिवस टेबलावर विसावायचा. आता तो थेट वर्गात फळ्यापुढे येऊन उभा राहतो. तेव्हा गुरुजी मोबाइलवर दिसले म्हणजे ते गप्पा मारीत आहेत असे लगेच समजू नये. कित्येकदा ते सरकारचेच काम करीत असतात, आणि खरी तक्रार त्या कामाविरुद्ध असली पाहिजे.

दुसरीकडे, गटांमध्ये कचराही पुष्कळ. सकाळी फुलांची चित्रे, दुपारी राजकारण, संध्याकाळी खोट्या बातम्या. एखाद्या समाजाविषयी विष पसरविणारा मजकूर शिक्षकाच्या हातून पुढे जातो, तेव्हा त्याचा वर्गातल्या वागणुकीवर परिणाम होत नाही असे कोणी म्हणू नये. मनात तेढ ठेवून मुलांना समतेचा धडा शिकविता येत नाही.

तिसरी गोष्ट फोटोंची. शाळेत वह्या वाटल्या, गणवेश वाटले, की मुलांना ओळीत उभे करून फोटो निघतात आणि गटावर जातात. एका शाळेत, नाव सांगण्याचे कारण नाही, शिष्यवृत्तीची यादी प्रवर्गासह पालकांच्या गटावर टाकलेली आम्ही पाहिली. कोणत्या मुलाची जात काय, ही वार्ता एका क्षणात दोनशे घरांत पोचली. टाकणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसेलही, परंतु दुसऱ्या दिवशी वर्गात बसायचे असते ते त्या मुलाला. आम्ही मुख्याध्यापकांना भेटलो, यादी काढली गेली. संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला आहे. १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरायची तर पालकाची संमती हवी, असे तो कायदा म्हणतो. मुलाची लाज ही कोणाच्या प्रसिद्धीचा माल नव्हे, हे आपण पालकांनी ठामपणे सांगितले पाहिजे.

चौथी गोष्ट बोलण्याच्या मोकळिकीची. २८ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांच्या वापराचे नियम काढले. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे ठेवावे, शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये, गोपनीय कागद पसरवू नयेत, असे त्यात आहे. गोपनीयतेचा भाग योग्यच आहे. परंतु "आमच्या शाळेत छत गळते", "दोन महिने शिक्षक नाही", "या धड्याने मुलांना काही समजत नाही" हे शिक्षकाने कोठे बोलायचे? धडा समजत नाही हे सांगणे म्हणजे टीका नव्हे, तो शिकण्याचाच भाग आहे. भीतीने शिक्षक गप्प झाले तर गटात फुलांची चित्रे तेवढी उरतील.

गुरुजी पुन्हा विद्यार्थी

शिक्षकांनी शिकत राहावे ही आता इच्छेची गोष्ट राहिलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक शिक्षण घ्यावे असे म्हटले आहे. 'निष्ठा' ही प्रशिक्षणाची योजना २०१९ साली निघाली आणि करोनाच्या काळात दीक्षावर आली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकविणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी. वीस-पंचवीस वर्षे नोकरी केलेल्या गुरुजी आणि बाईंना पुन्हा पुस्तक उघडावे लागले. याबाबत मतभेद असू शकतात. परंतु परीक्षेच्या अभ्यासासाठी मोबाइलवर गट करून एकमेकांची उत्तरे तपासणाऱ्या गुरुजींना आता तरी कळले असेल, की नापास होण्याची भीती काय असते आणि न समजलेली गोष्ट कोणी न रागावता समजावली तर कसे वाटते. हा अनुभव त्यांनी वर्गात नेला तर आपल्या मुलांचा फायदाच आहे.

आपण काय करावे?

नुसती तक्रार करून काही होत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ ने पालकांच्या हाती एक साधन दिले आहे, ते म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्यापैकी किती जण या समितीवर आहेत? किती भगिनी बैठकीला जाऊन बोलतात? नुसती सही करून परत येणाऱ्यांना आम्ही बोलणारे समजत नाही. या बैठकीत पुढील गोष्टी विचाराव्यात.

१) गुरुजी, आपण शिक्षकांच्या कोणत्या अभ्यासगटात आहात? गेल्या महिन्यात तेथून काय शिकलात आणि ते कोणत्या वर्गात करून पाहिलेत?

२) ज्या मुलांच्या घरी मोबाइल नाही, त्यांची यादी शाळेकडे आहे काय? गटावर दिलेला अभ्यास त्या मुलांपर्यंत कसा पोचतो?

३) आमच्या मुलांचे फोटो आणि नावे कोठे जातात? संमती न घेता ती पाठवू नयेत, आणि जात-प्रवर्गाची माहिती गटावर कधीच टाकू नये.

४) शाळेच्या वेळात किती माहिती मागविली जाते? ती शाळा सुटल्यावर भरता यावी म्हणून समितीने ठराव करून वर पाठवावा काय?

५) पुस्तकातील क्यूआर कोड वर्गात वापरला जातो काय? नसेल तर अडचण कोणती, इंटरनेटची, यंत्राची की वेळेची?

हे प्रश्न भांडणाच्या सुरात विचारू नयेत. बहुतेक शिक्षकांना असा प्रश्न विचारणारा पालक भेटतच नाही, आणि भेटला तर आनंद होतो असा आमचा अनुभव आहे.

आपल्या समाजातील जे तरुण-तरुणी आज शिक्षक आहेत, त्यांना आमची वेगळी विनंती आहे. आपण अभ्यासगटांत जरूर सामील व्हा, परंतु नुसते ऐकणारे होऊ नका. आपल्याला जे ठाऊक आहे ते मोठमोठ्या शाळांतील शिक्षकांनाही ठाऊक नाही. विडी वळणाऱ्या आईचे मूल संध्याकाळी किती वाजता पुस्तक उघडू शकते, ऊसतोडीला गेलेल्या घरचे मूल मार्चमध्ये परत आले की कोठून सुरुवात करावी, घरी तेलुगू किंवा कन्नड आणि शाळेत मराठी असलेल्या मुलाला पहिला धडा कसा द्यावा, हे ज्ञान पुस्तकात नाही, तुमच्या अनुभवात आहे. ते लिहा, बोला, दोन मिनिटांची चित्रफीत करून टाका. आणि वस्तीतील अभ्यासिकेत आठवड्यातून एक तास द्या. हजार शिक्षकांच्या गटात कौतुक झाले आणि आपल्या गल्लीतले पोर दहावीला गणितात अडकले, असे होऊ नये.

माताभगिनींनी एक सोपी सवय लावून घ्यावी. मूल शाळेतून आले की "अभ्यास दिला का?" एवढेच विचारून थांबू नका. "आज बाईंनी काय नवीन करून दाखवलं?" असे विचारा. आठवडाभर उत्तर "काही नाही" असेच आले, तर पुढच्या बैठकीला कामाची पाळी बदलून घ्या, शेजारणीला सोबत घ्या आणि शाळेत जा. समितीची बैठक कोणत्या तारखेला आहे हे शाळेच्या फलकावर लिहिलेले असते. नसेल, तर तो पहिला प्रश्न तोच विचारावा.